“यावर सुई नाही काय?” : हिरड्यांच्या आजारावरची लस

कन्हान | १४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बाबांनी गेल्या मंगळवारी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. त्याचं धड उत्तर मला देता येत नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

बाबा अडुसष्ट वर्षांचे, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त. पाळीची नोकरी, रात्री जागं राहायला खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), तो दिवसाला चारवर गेला आणि निवृत्तीनंतरही सुटला नाही. खालच्या ओठाआड ठेवायची सवय. वर्षभरापासून तिथलेच पुढचे दात हलताहेत. सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी. भुट्टा दाताने सोलून खाणारा माणूस यंदा पावसाळ्यात दाणे काढून वाटीत घेऊन बसला, तेव्हा मला राहवलं नाही.

आधी घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे दोन मिनिटं तोंडात बघून “सगळे काढून टाकू, कवळी बसवू” म्हणाले. बाबा जे उठले ते सहा महिने दातांच्या डॉक्टरचं नाव काढू देईनात. शेवटी नागपुरात मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेले.

तिथल्या मॅडमनी गोल टोकाची एक बारीक सळई घेतली, तिच्यावर काळ्या रेघा. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद सरकवायची, रेघ वाचायची, आकडा बोलायचा. शेजारी बसलेली विद्यार्थिनी तक्त्यात लिहून घेत होती. तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार. खालच्या पुढच्या दातांपाशी आल्या आणि आकडे बदलले. पाच, सहा, सात. मी खुर्चीच्या पायथ्याशी उभी होते. सातला बाबांच्या पायाची बोटं आवळली गेली.

सगळं झाल्यावर बाबांनी विचारलं, “मॅडम, मला लहानपणी देवीची टोचणी झाली, नातवाला पोलिओचे थेंब झाले, कोरोनाची सुई तर साऱ्यांनाच झाली. हे बी जंतूच करून राहिले ना? मग यावर सुई नाही काय?”

मॅडम म्हणाल्या, “बाबा, माणसांसाठी अजून नाही. पण लोक शोधून राहिले.” मागे रांग होती, बोलणं तिथेच थांबलं.

घरी आल्यावर बाबांनी बाही वर करून दंडावरचे देवीच्या लशीचे दोन गोल वण नातवाला दाखवले. तेव्हापासून रोज विचारतात, “सापडलं काय काही?” इंटरनेटवर वाचते तर एकीकडे ‘लस येऊ घातली’ आणि दुसरीकडे तीच बातमी दहा वर्षं जुनी. इथे डॉक्टर आहेत, लशीच्या कारखान्यात काम करणारेही आहेत. नेमकं कुठे अडलंय ते सांगाल का? बाबांना वाचून दाखवणार आहे, त्यामुळे शक्यतो साध्या मराठीत.

वर्धारोड | १४ जुलै, रात्री १०.१५

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा प्रश्न माझाही आहे. मला चौदा वर्षांपासून शुगर आहे. पायरियात सहा दात गेले. गोळ्या नियमित, फिरणं नियमित, तरी साखर आटोक्यात येत नव्हती. एका डॉक्टरांनी म्हटलं, काका, आधी तोंड दुरुस्त करून घ्या. मला वाटलं, हे काय सांगून राहिले? दाताचा अन् साखरेचा काय संबंध? पण करून घेतलं आणि आकडा उतरला. जेवढा आनंद झाला तेवढंच वाईट वाटलं, कारण हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांची साखर तपासली काय?

पळसफूल | १५ जुलै, सकाळी ७.०५

कन्हान, मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे, नागपुरातच. वर्धारोड काकांचा मुद्दा आधी घेते, कारण तो लशीपेक्षा तातडीचा आहे. हिरडीचा आजार आणि मधुमेह एकमेकांना ओढतात. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) मधुमेहींच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलेला दिसतो. कित्येकदा साखरेची दुसरी गोळी जोडल्यावर एवढा फरक पडतो. बाबांची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.

तुम्ही पाहिलेल्या सळईवर १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा रेघा असतात. चार आणि सहाची रेघ मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे घाईत वाचताना गोंधळ होत नाही. तीन मिलिमीटरपर्यंत फट निरोगी. सात म्हणजे दाताच्या मुळालगत खोल कप्पा झालाय आणि तिथलं हाड झिजलंय. बाबांचं नेमकं खालीच बिघडलं याला दोन कारणं: खर्रा तिथे ठेवतात, आणि लाळेच्या नळ्या तिथे उघडत असल्याने कीटण तिथेच जास्त साठतं.

आता जंतू. तोंडात जंतूंच्या सातशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातले हिरडीच्या आजाराशी सगळ्यात घट्ट जोडलेले तीन १९९८ मध्ये सॉक्रन्स्की आणि सहकाऱ्यांनी एका गटात टाकले. त्याला आम्ही ‘लाल गट’ म्हणतो: पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनरेला फोर्सिथिया, ट्रेपोनेमा डेंटिकोला. लशीचं बहुतेक काम पहिल्यावर झालंय. त्याला हवा चालत नाही, म्हणून खोल कप्प्यात राहतो. रक्तातलं लोह त्याला लागतं, म्हणून हिरडीतून रक्त येत राहिलं की त्याची पंगत मांडलेलीच असते.

पण हा जंतू संख्येच्या जोरावर नुकसान करत नाही. २०११ मध्ये जॉर्ज हाजिशेंगॅलिस यांच्या गटाने उंदरांवर प्रयोग केला. त्यात हा जंतू एकूण जंतूंच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी होता, तरी त्याने तोंडातल्या बाकी जंतूंचं सगळं संतुलन बिघडवलं आणि हाड झिजलं. तोच जंतू तोंडात एकही जंतू नसलेल्या उंदरांना दिला, तेव्हा हाड झिजलं नाही. एकट्याने त्याच्याकडून काही होत नाही, तो वस्तीत राहून वस्ती बिघडवतो.

देवीचा विषाणू आणि हा जंतू यांतला फरक बाबांना इथेच कळेल. देवीला विषाणू एकच, तो बाहेरून यायचा आणि आला की आजार व्हायचा. इथे आजार वस्तीचा आहे, आणि वस्ती कायमची आपल्याच घरात.

महालकर | १५ जुलै, सकाळी ११.३०

सगळं वाचलं. तरी मला वाटतं, लस आली तर कंपन्यांचा टूथपेस्टचा धंदा बुडेल म्हणून कोणी मनावर घेत नाही. आमची आजी मीठ आणि मोहरीचं तेल लावायची, कडुनिंबाची काडी चावायची. ऐंशीव्या वर्षी तिचे दात शाबूत होते.

शीतसाखळी | १५ जुलै, रात्री ११.२०

मी मूळचा सक्करदऱ्याचा, आता पुण्यात लस बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. महालकर, कोणी मनावर घेतलं नाही हे खरं नाही. माणसं यात आयुष्यं घालवून बसली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉय पेज आणि सहकाऱ्यांनी माकडांना मारलेल्या जिंजिव्हॅलिस जंतूची लस दिली. १९९४ चं काम. माकडांच्या दाताभोवती धागा बांधून हिरडीचा आजार मुद्दाम सुरू केला होता. लस दिलेल्यांचं हाड न दिलेल्यांपेक्षा कमी झिजलं. म्हणजे ‘हिरडीवर लस चालूच शकत नाही’ ही शंका तीस वर्षांपूर्वीच बाजूला पडली. १९९६ मध्ये लंडनला थॉमस लेनर यांच्या गटाने लस न देता तयार प्रतिपिंडंच (जंतूला ओळखून धरणारी प्रथिनं, लस शरीराला तीच बनवायला लावते) रुग्णांच्या दातांना लावून पाहिली. आधी सफाई, मग प्रतिपिंडं. तो जंतू पुढे नऊ महिने परत वस्तीला आला नाही.

आता बाबांना हे जरूर वाचून दाखवा. दंडात टोचलेल्या सुईचा परिणाम हिरडीत कसा पोचणार, असं कोणालाही वाटेल. दात आणि हिरडीच्या फटीत रक्तातून पाझरलेला एक द्रव सतत झिरपत असतो. रक्तातली प्रतिपिंडं त्यातून थेट कप्प्यात उतरतात. वाट आहे.

पण हा जंतू वाटेवर कात्र्या घेऊन बसलाय. त्याला साखर पचत नाही, प्रथिनांच्या तुकड्यांवर जगतो. ते तुकडे पाडायला तो तीन विकरं (एन्झाइम) सोडतो, त्यांना जिंजिपेन म्हणतात. याच कात्र्या आपल्या प्रतिपिंडांचेही तुकडे करतात. पहारेकरी पाठवला, तर हा त्याच्या हातातली लाठीच मोडतो.

मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनल्ड्स यांच्या गटाने म्हणूनच अख्खा जंतू सोडून दिला आणि कात्रीवर नेम धरला. कात्रीच्या धारेचा एक तुकडा आणि तिच्या चिकटणाऱ्या भागाचा एक तुकडा जोडून लस तयार केली. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ‘एनपीजे व्हॅक्सिन्स’ या नियतकालिकात ते काम आलं. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं: उंदरांना आधी जंतूची लागण केली आणि नंतर लस दिली. म्हणजे आजार लागलेल्यासाठीची लस. तरीही हाडाची झीज रोखली गेली. प्रतिपिंडं तयार झाली ती मुख्यतः आयजीजी-१ जातीची, कात्री बोथट करणारी, पण हिरडीत आग न भडकवणारी.

मग माणसात का नाही? आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. गोवराची लस तपासायची तर गोवर झाला की नाही हे काही दिवसांत दिसतं. हिरडीचं हाड वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने झिजतं, तेही सलग नाही. मध्येच थांबतं, मध्येच वेगाने जातं. शेकडो लोक वर्षानुवर्षं धरून ठेवायचे, सगळ्यांच्या दातांची सफाई सारखीच करायची आणि मग आठ-दहा दातांच्या कप्प्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक शोधायचा. बरं, रक्तात अमुक इतकी प्रतिपिंडं झाली म्हणजे संरक्षण मिळालं, असा ठरलेला आकडा इथे नाही. तो नसला की आमच्यासारख्यांना कुपी हातात घेऊन ‘ही चांगली’ म्हणायलाही आधार उरत नाही.

वर निरोगी दिसणाऱ्या माणसाला टोचायची गोष्ट. सफाई आणि ब्रश यांनी जे बऱ्यापैकी साधतं, त्याच्यासाठी किती धोका पत्करायचा? शून्याच्या जवळच.

पशुसखा | १६ जुलै, दुपारी १.१०

मी जनावरांचा डॉक्टर आहे. शीतसाखळींनी माकडं आणि उंदीर सांगितले, पण कुत्र्यांसाठी ही लस बाजारात येऊन गेली आहे हे फार जणांना ठाऊक नसतं. कुत्र्यांच्या हिरड्यांतही याच कुळातले जंतू असतात: गुलाई, सॅलिव्होसा, डेंटिकॅनिस. तिघांवर मिळून एक लस फायझरच्या पशुऔषध विभागाने अमेरिकेत आणली. २००६ मध्ये तिला सशर्त परवाना मिळाला. शर्त ही, की सुरक्षित आहे आणि उपयोग होईल अशी वाजवी आशा आहे. पूर्ण पुरावा पुढे द्या. तो पुरावा उभा राहिला नाही आणि २०११ मध्ये लस मागे घेतली गेली.

प्रयोगशाळेत एकच जंतू सोडून हाड वाचवणं वेगळं आणि घराघरांतल्या कुत्र्यांच्या तोंडातली सगळी वस्ती वेगळी. माझ्याकडे येणाऱ्या कुत्र्यांत सात-आठ वर्षांच्या वरच्यांची तोंडं बघवत नाहीत. मुकं जनावर दुखतंय म्हणून सांगत नाही, एका बाजूने चावायला लागतं एवढंच. ती लस टिकली असती तर मला फार आनंद झाला असता.

कन्हान | १६ जुलै, रात्री ९.००

सगळं वाचून दाखवलं. कात्री आणि लाठी बाबांना एकदम पटली. कुत्र्याच्या लशीचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, “म्हणजे कोशिश झाली.”

शीतसाखळी, तुम्ही ‘आग न भडकवणारी’ असं लिहिलंय ते मला नीट समजलं नाही. लस म्हणजे शरीराला लढायला शिकवणं ना? मग जास्त लढलं तर चांगलंच की.

पळसफूल | १७ जुलै, सकाळी ६.५०

हे मी सांगते. सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे आणि मलाही ती शिकताना वेळ लागला होता.

दाताभोवतीचं हाड जंतू खात नाही. ते आपलंच शरीर खातं. जंतूंची वस्ती बिघडली की पांढऱ्या पेशींच्या फौजा तिथे येतात, रसायनं सोडतात, आणि त्या गदारोळात हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. एका अर्थी हाड मागे सरकून आगीपासून दूर जातं. दात मात्र तिथेच राहतो, आधाराविना.

याचा पुरावा एका दुर्मिळ आजारातून मिळाला. काही मुलांत जन्मतःच पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून हिरडीत पोचू शकत नाहीत. अशा मुलांचे दात लहानपणीच पडतात. आम्हाला वाटायचं, फौजच पोचत नाही म्हणून जंतू मोकाट सुटतात. नंतर कळलं, की त्या पेशी पोचत नसल्याने ‘आता पुरे’ हा निरोपच जात नाही, आणि आयएल-२३ व आयएल-१७ हे जळजळीचे निरोप अखंड चालू राहतात. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला सोरायसिससाठी वापरतात ते उस्टेकिनुमॅब दिलं. निरोप अडवला आणि हिरड्यांची जळजळ ओसरली. जंतू मारले नव्हते, भडका शमवला होता.

आता लशीचं बघा. चुकीची लस या भडक्यात तेल ओतेल. माणूस हिरडीने आजारी आहे म्हणजे त्याचं शरीर आधीच त्या जंतूवर संतापलेलं आहे. रुग्णांच्या रक्तात जिंजिव्हॅलिसविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, तरी दात जातच असतात. म्हणून लढाई वाढवून भागत नाही. कोणत्या प्रकारची प्रतिपिंडं, कशावर नेम धरणारी, हे ठरवावं लागतं. मेलबर्नच्या कामात मला आशा वाटते ती यासाठी.

आणखी एक अभ्यास सांगते. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांना हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. दातांची निगा नाही, ब्रश माहीत नाही, प्रत्येकाच्या दातांवर कीटण. त्यातल्या साधारण ८ टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम वेगाने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. महालकर, तुमची आजी बहुधा त्या अकरांतली होती. कडुनिंबाची काडी नीट चावून फिरवली तर दातावरचा थर निघतो, त्यात वाईट काही नाही. पण कीटण एकदा दगड झालं की मीठ, तेल, काडी कशानेच निघत नाही, आणि हिरडीच्या आत यातलं काही पोचत नाही. या अकरा टक्क्यांच्या शरीरात नेमकं काय बरोबर चाललं होतं, ते पुरतं कळलं तर लस कशी असावी हे आपोआप कळेल.

बाबांच्या ‘सुई’साठी एक चांगली बातमी. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातल्या हाजिशेंगॅलिस आणि लँब्रिस यांच्या संशोधनातून पुढे आलेलं एएमवाय-१०१ नावाचं औषध थेट हिरडीत टोचून पाहिलं गेलं. ४० प्रौढांवर चाचणी, आठवड्यातून एकदा, तीनच वेळा. हिरड्यांची जळजळ उतरली आणि परिणाम तीन महिन्यांपर्यंत टिकला. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ही लस नाही, प्रतिकारशक्तीची एक कळ काही काळ बंद करणारं औषध आहे, आणि दुकानात मिळत नाही. पण हिरडीच्या आजारावर माणसाला सुई देऊन झाली आहे, एवढं त्यांना खुशाल सांगा.

गोंदियाकर | १७ जुलै, दुपारी ४.२५

हा जंतू मेंदूत सापडतो आणि त्याने स्मृतिभ्रंश होतो असं वाचलं होतं. त्यावरचं औषध आलं का? आणि दात किडण्यावरही लस येणार होती ना? माझ्या आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, आणि तिच्या हिरड्या कायम खराब होत्या, म्हणून विचारते.

शीतसाखळी | १७ जुलै, रात्री १०.४०

ताई, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं. २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये शोधनिबंध आला होता, अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत जिंजिपेन सापडल्याचा. त्या कात्र्या अडवणारी अटुझाजिनस्टॅट ही गोळी कॉर्टेक्साइम कंपनीने सहाशेवर रुग्णांवर तपासली. २०२१ मध्ये निकाल आला: स्मरणशक्तीची घसरण गोळीने थांबली नाही, आणि काहींच्या यकृतावर परिणाम दिसला. हिरडीमुळे आईचं असं झालं, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. स्वतःला किंवा घरच्यांना दोष लावून घेऊ नका.

दात किडण्याची लस वेगळी. तिथे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू. १९७० च्या दशकापासून काम झालं, माकडांत यशही आलं. पण या जंतूविरुद्धची काही प्रतिपिंडं हृदयाच्या ऊतींनाही चिकटतील, ही भीती निघाली. शिवाय फ्लोराइडच्या पेस्टमुळे बऱ्याच देशांत कीडच कमी झाली. पैसा आटला.

हिरडीला मात्र फ्लोराइडसारखा सोपा तोडगा मिळालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात गंभीर हिरडीरोग असलेल्यांची संख्या १०० कोटींच्या वर दिली आहे. त्यामुळे हे काम सुटेल असं मला वाटत नाही.

महालकर | १८ जुलै, सकाळी ९.१०

पळसफूल ताई, आजीचं लक्षात आलं. पण माझी आई त्या अकरांत नव्हती. पन्नाशीत सगळे दात गेले. सफाई केली की दात ढिले होतात, असं आम्ही घरी मानायचो, म्हणून तिला कधी नेलंच नाही. हे खरं आहे का?

पळसफूल | १८ जुलै, दुपारी २.००

खरं नाही. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाचा दगड दातांना एकमेकांशी जखडून धरतो. तो काढला की आधीचं ढिलेपण कळतं. फटी दिसतात, थंड पाणी झोंबतं, तेही काही आठवडेच. ही समजूत माझ्याही घरात होती. त्या वेळी कोणी नीट समजावून सांगितलं नाही, तुमचा दोष नाही.

आणि सुरुवातीच्या टप्प्यात सगळं परत फिरतं. याच लो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना ब्रश बंद करायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाची हिरडी सुजली. पुन्हा ब्रश सुरू केला, आठवडाभरात पूर्ववत.

कन्हान | २ नोव्हेंबर, रात्री ८.५०

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे.

वर्धारोड काका, तुम्ही विचारलं नसतं तर राहून गेलं असतं. बाबांचा एचबीएवनसी ८.१ निघाला. घरात कोणालाही कल्पना नव्हती. गोळ्या सुरू झाल्या.

सफाई दोन बैठकांत झाली, हिरडी बधिर करून आतली मुळंही घासली. वाटीत पडलेले कीटणाचे तुकडे मॅडमनी बाबांना दाखवले, काळपट हिरवे, डाळीच्या चुरीएवढे. बाबांनी एक बोटावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. खर्रा त्या दिवसापासून नाही. पहिले पंधरा दिवस घरात सगळ्यांवर चिडत होते. संध्याकाळी पानठेल्याकडे वळणारे पाय वळू नयेत म्हणून मी आणि माझा मुलगा त्यांच्यासोबत उलट्या दिशेने फिरायला जायचो. आता ते एकटे जातात.

परवा पुन्हा सळईने मोजलं. पाचाचे तीन झाले, सहाचे चार. विद्यार्थिनी तीच होती, तिलाही आनंद झालेला दिसला. एक दात मात्र अजून सातावरच आहे. मॅडम म्हणाल्या, हिरडी उघडून आतून साफ करावं लागेल. गुरुवारची तारीख दिली आहे. एचबीएवनसी आता ७.२ आहे.

बाबांनी मॅडमना नवा प्रश्न विचारला: लस आली तर ती माझ्यासारख्याला चालेल, की फक्त नातवाला? मी त्यांना मेलबर्नचे उंदीर आठवून दिले, लागण आधी आणि लस नंतर. तर म्हणाले, “नागपुरात कधी तपासणी लागली तर माझं नाव देजो. दंडावर जागा आहे.”

पळसफूल, गुरुवारी जाताना काय काळजी घ्यायची?

पळसफूल | २ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सातच्या कप्प्यासाठी योग्य निर्णय आहे. साखरेचा हा नवा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपणहून बंद करू नका, आधी मॅडमना विचारा. उपाशी नेऊ नका. सकाळी नाश्ता आणि साखरेची गोळी नेहमीप्रमाणे. नंतर दोन दिवस मऊ भात, दही, थंड चालेल; तर्री आठवडाभर नको. टाक्यांच्या जागी ब्रश लावायचा नाही, मॅडम देतील त्या औषधाने हलकेच चूळ. आणि पहिल्या आठवड्यात कोणी मित्र भेटायला आला, तर त्याच्या खिशात खर्र्याची पन्नी नाही ना, तेवढं बघा.